बटर बाहेरच्या बाजूला

४ नोव्हेंबर

अहो,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून आत माफी असेल असं समजू नका. माफी नाही. एक माहिती हवी आहे.

तुम्ही रविवारी करायचात ते टोस्ट सँडविच कसं करतात, ते सविस्तर लिहून पाठवा. लांब दांड्यांचा तो गॅसवर धरायचा टोस्टर माळ्यावर सापडला. जाताना तुम्ही फक्त ड्रॉइंग बोर्ड आणि पेन्सिली नेल्यात हे मला माहीत होतं. तुम्ही जिना उतरत होतात तेव्हाच मी कपाट तपासलं होतं. टोस्टर घासून ठेवला आहे. आता त्यात काय घालायचं, किती घालायचं आणि किती वेळ धरायचं, एवढंच कळवा.

'अंदाजाने' हा शब्द वापरू नका. अंदाजाने औषधं दिली असती तर हॉस्पिटलच्या औषधखिडकीमागे मी छत्तीस वर्षं टिकले नसते. बटर ग्रॅममध्ये लिहा, वेळ सेकंदांत.

तुम्हांला हसू येत असेल, अडुसष्टाव्या वर्षी बाईसाहेबांना पाव भाजायचा आहे म्हणून. हसा. माझी ड्यूटी दुपारी दोनला सुरू व्हायची आणि तुमचं नकाशांचं ऑफिस पाचला सुटायचं, म्हणून स्वयंपाकघर तुमच्याकडे गेलं. मी ते परत मागितलं नाही, एवढाच माझा गुन्हा. कॉन्व्हेंटमध्ये गृहशास्त्रात मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, पण ते लेखी परीक्षेत. मदरनी आम्हांला काकडीच्या सँडविचच्या कडा कापून त्रिकोण करायला शिकवलं, आणि तो त्रिकोण ओठ मिटून चार घासांत संपवायला. विस्तवाजवळ मात्र कुणी जाऊ दिलं नाही.

कशासाठी हवंय, असं विचाराल. मला खावंसं वाटलं. डब्याच्या जेवणाचा वीट आला. प्रमाण दोन माणसांचं द्या. म्हणजे माणूस एकच, पण दोन वेळचं.

लवकर पाठवा. तुमच्या नेहमीच्या सावकाशीने चालणार नाही.

(कायद्याने अजून) तुमची

९ नोव्हेंबर

अहो,

पाकीट मिळालं. आत एक अक्षर नाही. टोस्टरचा उभा छेद, आडवा छेद, पावाच्या दोन स्लाइस, अकरा बाण आणि बाणांना आकडे! माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं असेल तर तुमची मर्जी, पण एखाद्या बाणाशेजारी 'इथे बटर' एवढं लिहिलं असतं तर पेन्सिल झिजली नसती. मी ग्रॅम विचारले, तुम्ही थराची जाडी मिलिमीटरमध्ये दाखवलीत.

शिवाय बटरचा बाण पावाच्या बाहेरच्या बाजूला आहे. मला वाटलं, म्हातारपणी हात चुकला. बटर आत लावतात हे मदरपासून सगळ्यांना ठाऊक आहे. मी आतच लावलं. पाव टोस्टरला असा चिकटून बसला की चाकूने खरवडून काढावा लागला. तेव्हा पुन्हा तुमचा कागद पाहिला. बाण बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी बटर बाहेरून लावलं, पण ते फ्रिजमधून काढलेलं दगडासारखं, सुरीबरोबर अर्धा पाव निघून आला. तिसऱ्या दिवशी तयारी आधी करून ठेवली, कारण ती माझी सवय आहे. टोमॅटो चिरून, मीठ लावून ठेवला. तासाभराने बशीत टोमॅटो कमी आणि पाणी जास्त. ते सगळं पावाने प्यायलं, आणि टोस्टर उघडल्यावर जे पडलं त्याला लगदा म्हणतात. बटाटे उकडले ते बरे झाले; सोलले तेव्हा मात्र सालींचं वजन बटाट्यांपेक्षा जास्त भरलं. हो, मी वजन केलं.

धूर पाहून खालची शिवणवाली धावत वर आली.

"काकू, काही पेटलं का?"

"नाही. स्वयंपाक चाललाय."

"कोण करतंय?"

"मी."

"मग बादली भरून ठेवू का?" म्हणाली. हिची जीभ माझ्यापेक्षा लांब होत चालली आहे. तेवढ्यात तिने ओट्यावर नजर टाकली. "दोन ताटल्या काढल्यात. पाहुणे आलेत?"

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून खोकला आला.

आता तुमच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. बसून वाचा. छातीवर हात ठेवून वाचा म्हटलं तर तुम्ही घाबराल, म्हणून नुसतं बसून वाचा.

मुंगी इथे आहे. चौदा दिवस झाले. आपल्या लेकीने दोन वर्षं माझ्याशी फक्त 'हो', 'नाही' आणि 'बाबा बरे आहेत' एवढंच बोलून काढली, हे तुम्हांला ठाऊक आहेच. ती एका संध्याकाळी बॅग घेऊन दारात उभी. तुमच्याकडे आली नाही कारण तुमच्या भावाचं घर भरलेलं आहे, आणि कारण तुमच्या छातीचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही. तुम्हांला कळवणार नाही असं मी तिला वचन दिलंय. ते आत्ता मोडते आहे.

तिच्या हातून वॉर्डात चूक झाली. दोन कुप्या शेजारी ठेवलेल्या, झाकणाचा रंग एकच, एक दुसरीपेक्षा दहापट तीव्र. एका सत्तरीच्या गृहस्थांना तिने चुकीची दिली. पाचव्या मिनिटाला तिलाच कळलं, तिनेच ओरडून डॉक्टरांना बोलावलं. ते गृहस्थ आठ दिवस अतिदक्षता विभागात होते, मग चालत घरी गेले. मुंगीला कामावरून दूर ठेवलंय. एकोणीस तारखेला चौकशी आहे. ती म्हणते मी जाणार नाही, राजीनामा पाठवते, नर्सिंगची सोळा वर्षं पुरेत.

आणि ती खात नाही. चहा पिते, एखादं बिस्किट कुरतडते. आली तेव्हा अठ्ठेचाळीस किलो होती, काल साडेत्रेचाळीस. मी तिला बाथरूममधल्या काट्यावर उभी करते. ती वाद न घालता उभी राहते, याची मला जास्त भीती वाटते. एवढ्या दिवसांत खाण्याबद्दल ती एकदाच बोलली. म्हणाली, "बाबांचं सँडविच असतं तर बघितलं असतं."

म्हणून बाण नकोत. शब्द हवेत.

१३ नोव्हेंबर

अहो,

तुमचं दुसरं पाकीट आलं. गॅसच्या ज्योतीचं चित्र खऱ्या मापाचं काढलंत ते उपयोगी पडलं. मी पट्टी घेऊन ज्योत त्याला जुळवली. टोमॅटोचा मधला बियांचा भाग काढून टाकायचा, मीठ अगदी शेवटी, पाव आदल्या दिवसाचा, सारण कडेपासून बोटभर आत, चीज पावाला लागून म्हणजे ते वितळून दोन्ही बाजू धरून ठेवतं, हे सगळं चित्रांतून समजलं. समजलं म्हणजे जमलं असं नाही. काल एक बाजू सोनेरी आणि दुसरी पांढरी निघाली. आज दोन्ही सोनेरी, आत चीज गार. तुम्ही दर अर्ध्या मिनिटाला टोस्टर उलटा करायचात, आठवतंय. मीही करते, घड्याळ समोर ठेवून. तरी पाव माझं ऐकत नाही.

आजचं मी ताटलीत घालून आत नेलं. तिने उघडून पाहिलं, कोपरा मोडला, तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "ठीक आहे गं." उरलेलं तासाभराने मी परत आणलं. तुम्हांला ते 'ठीक आहे गं' ऐकू आलं नाही, बरंच झालं.

कागदाच्या तळाशी तुम्ही चार शब्द लिहिलेत: 'रात्री ती झोपते का?' दोन वर्षांतले तुमचे पहिले चार शब्द. मी ते वाचून स्वयंपाकघरात स्टुलावर बसले.

झोपत नाही. कूस बदलत पडलेली असते.

तुम्ही हे विचारलंत, म्हणून मी एक सांगते, जे मागच्या पत्रात मुद्दाम गाळलं. मुंगी दारात उभी राहिली, रडत रडत सांगायला लागली, खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. आणि मी विचारलं, "किती मिलिग्रॅम?"

तिने सांगितलं. मग मी विचारलं, "लेबल वाचलं नाहीस?"

तिने बॅग खाली ठेवली. रडणं थांबलं. म्हणाली, "आई, तू माझ्या बाजूची आहेस की खिडकीच्या?" आणि आत जाऊन पडली. ती अजून तशीच पडलेली आहे.

मी बाहेर उभी राहून तिला दारातून सांगितलं की असे प्रश्न विचारणं हे माझं काम होतं, सवय जात नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण पाकिटात गाडीचं वेळापत्रक घातलंत. येऊ नका. बाबा आले तर मी त्याच पावली जाईन, असं ती म्हणते, आणि तिला जायला जागा नाही. सकाळी तिच्या खोलीचं दार उघडायच्या आधी मी चहाचा कप हातात घेते, म्हणजे आत जायला कारण मिळतं. एकोणीसला सहा दिवस उरले. ती गेली नाही तर 'चूक केली आणि तोंड लपवलं' अशी नोंद कायमची होईल. तिला हे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या तोंडातून निघालं की तो ठपकाच होतो.

१७ नोव्हेंबर

अहो,

हे पत्र लांब होईल. चष्मा पुसून घ्या.

काल दुपारी मुंगी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली. मी गॅसपाशी होते, टोस्टर धरून. ती माठाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "राजीनामा लिहून झालाय. तू एकदा वाच, तुझं मराठी चांगलं आहे."

मी वळले नाही. टोस्टरकडे बघत म्हटलं, "माझ्याकडूनही झालं होतं."

"काय?"

"तेच."

हे तुम्हांलाही माहीत नाही. एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका लहान मुलाच्या बाटलीत मोठ्या माणसांचं खोकल्याचं औषध भरलं. घरी येऊन हात धुताना लक्षात आलं. साबण हाताला तसाच, मी पळत गेले. चिठ्ठीवरचा पत्ता मला पाठ होता. बाटली अजून उघडलेली नव्हती. त्या बाईला म्हटलं, लेबल चुकलंय, बदलून देते. तिने मला चहा विचारला. माझे आभार मानले. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत कुठे गेली होतीस, मी म्हटलं, साखर संपली होती. तुम्ही डबा उघडून पाहिला नाहीत.

मी कुणालाही सांगितलं नाही. कुठेही लिहिलं नाही.

मुंगीला एवढं सांगून थांबता आलं असतं. पण पुढचं तोंडातून आपोआप आलं. आमच्या खिडकीवरचा कंपाउंडर तुम्हांला आठवत असेल, बाटल्या धुताना शिट्टी वाजवायचा म्हणून आपण त्याला शिट्टीच म्हणायचो. माझी चूक झाल्यावर दोन महिन्यांनी त्याच्या हातून तीच झाली. तेच औषध, तशीच बाटली. खिडकीतून बाहेर जायच्या आधी मीच पकडली. कुणाला काहीही झालं नाही. आणि मी रिपोर्ट लिहिला. तीन पानं. त्याच्या दोन लहान मुली होत्या. तो माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "बाई, एकदा." तुम्हीही जेवताना म्हणालात, एकदा जाऊ दे. मी तुम्हांला म्हटलं, तुम्ही नकाशे काढा.

त्याची नोकरी गेली. त्याला घालवल्यावर माझी चूक पुसली गेली, असं मला वाटलं होतं. आता कळतं, ते नुसतं वाटणं होतं. तेव्हा मला मी फार तत्त्वाची बाई आहे असं वाटायचं.

मुंगी मागे काय करत होती मला दिसत नव्हतं. मी बोलत होते आणि हात टोस्टर धरून तसाच होता, उलटायचं विसरलेला.

"आई, जळतंय."

मी ऐकलंच नाही.

"आई! जळतंय ते! सोड, सोड." तिने माझ्या हातातून टोस्टर काढून घेतला. "एवढा जाळ कशाला? पट्टीने मोजून ठेवलास ना, मग बर्नर मोठा का? लहान बर्नरवर धरायचं. बाबा नेहमी लहानवर धरायचे." तुम्ही ज्योत काढलीत, बर्नर काढायला विसरलात. ही चूक तुमची.

तिने टोस्टर उघडला. एक बाजू कोळसा. तिने ते सिंकवर धरलं आणि सुरीच्या पाठीने खरवडायला लागली, खर्र खर्र, काळी भुकटी पडत होती. मला म्हणाली, "त्या माणसाला सांगितलंस कधी?"

"नाही."

"आहे का तो?"

"बसस्थानकाजवळ किल्ल्या करतो. मी त्या रस्त्याने जात नाही."

"एकोणतीस वर्षं?"

"लांबून जाता येतं."

खरवडलेलं सँडविच ती तिथेच, सिंकपाशी उभं राहून, ताटलीही न घेता खायला लागली. अर्धं संपल्यावर म्हणाली, "मिरपूड कमी आहे." मग सगळं संपवलं. मग म्हणाली, "दुसरं मी लावते, तू बघ." आणि मला शिकवलं. टोस्टर आधी रिकामाच दोन्ही बाजूंनी तापवायचा, हे तुमच्या अकरा बाणांत कुठे होतं? बाहेर आलेल्या कडा टोस्टर मिटल्यावर सुरीने कापायच्या, त्या जळतात आणि आपल्याला वाटतं सँडविच झालं. अधूनमधून उघडून बघायचं. "घड्याळाकडे नको बघूस, पावाकडे बघ." झाल्यावर ताटलीत आडवं ठेवायचं नाही, खालून घाम येऊन मऊ पडतं, दोन सँडविच एकमेकांना टेकवून उभी ठेवायची.

दुसरं तिने पाऊण खाल्लं. हात पुसत म्हणाली, "राजीनामा फाडते. मी एकोणीसला माझ्या चौकशीला जाते. तू तुझ्या."

"माझी कसली चौकशी?"

"आई." एवढंच म्हणाली. तिची नजर तुमच्यासारखी आहे, तिच्यापुढे वाद चालत नाही.

मी हो म्हटलं. तिने खाल्लं होतं, मी कशालाही हो म्हटलं असतं. पण कालपासून मी खिडकीत उभी राहून शिट्टीला सांगायचं भाषण तयार करते आणि प्रत्येक वाक्य स्वतःची बाजू मांडणारं निघतं.

आणि ऐका, लिहायला बसलेच आहे तर. तुम्ही घर सोडायच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसमोर मी म्हटलं होतं, यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवल्या. ते खोटं होतं, आणि वाईट होतं. त्याची माफी मागते.

१९ नोव्हेंबर

अहो,

चौकशी झाली. चार माणसं होती, मी बाहेर बाकावर. मुंगीने कुप्यांच्या रंगाचं कारण दिलं नाही. म्हणाली, लेबल वाचायला हवं होतं, वाचलं नाही. रंगाचं त्यांनीच काढलं. सहा महिने वॉर्ड नाही, साठ्याच्या खोलीत काम, मग पुन्हा परीक्षा. त्या गृहस्थांची बायको आली होती, ती बाहेर आल्यावर मुंगीला खूप बोलली. मुंगी ऐकत उभी राहिली. मी उठले होते, मुंगीने हाताने मला खाली बसवलं.

घरी येऊन झोपली. आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत, अजून झोपलेली आहे. वजन चव्वेचाळीस.

२२ नोव्हेंबर

अहो,

तीन दिवस मी चालढकल केली. पहिल्या दिवशी डोकं दुखत होतं, दुसऱ्या दिवशी खरंच दुखत होतं. आज मुंगीने माझ्या चपला दाराशी काढून ठेवल्या.

शिट्टीचं दुकान म्हणजे एक कपाट आहे, फळी पाडून काउंटर केलेलं. किल्ल्यांच्या माळा. तो मशिनवर वाकलेला, केस गेलेले, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी चार वाक्यं पाठ केली होती. मशिनचा आवाज थांबेपर्यंत उभी राहिले.

त्याने वर पाहिलं. ओळखायला क्षणही लागला नाही. हातातली किल्ली खाली ठेवली, अंगातला मळका कोट सारखा केला आणि उभा राहिला.

"बाई," म्हणाला, "काय चुकलं माझं?"

माझी चारही वाक्यं गेली. मी म्हटलं, "तुझं नाही." आणि जसं आलं तसं सांगितलं, साबणासकट. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने हाताने थांबवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "तुमचा रिपोर्ट त्यांनी मला वाचून दाखवला होता. तीन पानं होती. अक्षर फार सुंदर होतं, बाई."



त्याने गिऱ्हाइकाची किल्ली कापून दिली. मी तिथेच. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या तीन वाजता या. त्या वेळी बायको डबा घेऊन येते. तिने तेव्हा पाच वर्षं लोकांची धुणी धुतली, आणि जन्मभर तिला वाटतंय की मीच बेपर्वा होतो. हे सगळं तिच्यासमोर सांगा. मी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही."

मी येते म्हटलं. मुंगी बरोबर येऊ का विचारत होती, नको म्हटलं. त्या बाईला मी कधी पाहिलेलंही नाही.

मुंगी तुमची वाट बघते आहे, तिने स्वतः सांगितलंय कळव म्हणून. सकाळच्या गाडीने या. पण परवा या. उद्या मी घरी नाही.